शील्ड संपलं आणि मी चांदणी चौकात

राइज ऑफ किंगडम्स हा मोबाइल गेम (शहर बांधा, सैन्य वाढवा, एकमेकांना लुटा) परत इन्स्टॉल केलाय. हो, बंद करणार म्हणून शपथ घेतली होती, सोडा ते. पण यावेळी फूड, वूड, स्टोन, गोल्ड या चार गोष्टींच्या बाबतीत मी एक नंबरचा कवडीचुंबक झालोय आणि त्यामागे एक सोमवार आहे.

झालं असं की रविवारी रात्री सिटी हॉल, म्हणजे शहराची मुख्य इमारत, अपग्रेड करायचा म्हणून बॅगेतली सगळी रिसोर्सची पाकिटं धडाधड उघडली, लाखोंचा माल शहरात ओतला आणि मग बघतो तर काय, भिंतच एक लेव्हल मागे! आधी ती वाढवा मग सिटी हॉलचं बघू. आता एकदा उघडलेलं पाकीट परत बॅगेत जात नाही. म्हटलं ठीके, साडेआठला 24 तासांचं शील्ड लावलं (तेवढा वेळ शहरावर कोणी हल्ला करू शकत नाही) आणि झोपलो.

सोमवारी हिंजवडीतून निघालो, वर धो धो पाऊस, बस चांदणी चौकाच्या अलीकडे जी थांबली ती थांबलीच, फोन 2 टक्क्यांवर आणि साडेआठ वाजून गेलेले. घरी येऊन चार्जिंगला लावला तर शहर पेटलेलं, मेलमध्ये बॅटल रिपोर्टची रांग, हॉस्पिटल फुल्ल. लुटणाऱ्याला एका फेरीत सैन्याच्या लोडपुरतंच, म्हणजे उचलता येईल तेवढंच, नेता येतं, म्हणून एकच पठ्ठ्या पाच वेळा येऊन गेला होता, जणू माळ्यावरचं सामान शिफ्ट करतोय. स्टोरहाउसच्या लिमिटमधलं तेवढं वाचलं, आणि ते मी कधी वाढवलंच नव्हतं कारण त्याने पॉवर फारशी वाढत नाही ना, हुशारी!

आईला हे सांगितलं (का सांगितलं देव जाणे) तर म्हणाली, "वर्षाचा गहू कोणी डब्यात ओतून ठेवतं का रे? कोठीत ठेवायचा, पाला घालून, आणि आठ दिवसाचा काढायचा." बॅग म्हणजे हीच कोठी की. बॅगेतलं कोणालाच लुटता येत नाही. म्हणून आता आधी भिंत, मग बाकीच्या अटी, बिल्डर रिकामा आहे ना बघायचं, आणि मगच लागेल तेवढी पाकिटं फोडून तिथल्या तिथे अपग्रेडचं बटण दाबायचं. शहरात माल पडून ठेवायचाच नाही.

माल गोळा करायचं म्हणाल तर झोपायच्या आधी सगळे मार्च (सैन्याच्या तुकड्या) बाहेर, सकाळी चहाच्या वेळेला माल घरात. यात खालच्या टियरची (दर्जाची) सीज युनिट, म्हणजे वेढा घालायची यंत्रं, पाठवा, लोड जास्त, बनवायला स्वस्त, मेली तरी जीव जळत नाही. आमच्या अलायन्समधला (खेळाडूंच्या गटातला) एक जण भारी घोडदळ पाठवतो गोल्ड खणायला, त्याला कितीदा सांगितलं, ऐकत नाही. आणि शक्यतो अलायन्सच्या हद्दीतलीच खाण धरा, तिथे गोळा व्हायचा स्पीड जास्त मिळतो. फक्त एक, शील्ड शहरावर असतं, बाहेर खणत बसलेल्या सैन्यावर नाही, आपल्याला वाटतं शील्ड आहे म्हणजे सगळं सेफ आणि सकाळी अर्धे मार्च साफ. त्यामुळे केव्हीके (राज्याराज्यांमधलं युद्ध) चालू असेल तर रात्री सगळे घरात. आणि शील्ड असताना हात शिवशिवले म्हणून कोणावर हल्ला करू नका, आपलंच शील्ड जातं, हेही मी करून बघितलंय, नको त्या आठवणी.

आता रोज आठ वाजता अलार्म वाजतो, शील्ड संपायच्या अर्धा तास आधी. पॉवरबँक पण घेतलीय. आई तेवढ्यात स्वयंपाकघरातून ओरडते, "वाजला तुझा गहू!"