पहिल्या गोळीचा चाप

आमच्या क्लबची पिस्तूल नेमबाजीची महिन्याची मॅच ह्यूस्टनच्या पश्चिमेला, उघड्या रेंजवर होते. दोन वर्षं माझ्या कागदी टार्गेटवर एकच गोष्ट दिसायची: प्रत्येक स्टेजची, म्हणजे मॅचमधल्या प्रत्येक फेरीची, पहिली गोळी डावीकडे खाली गेलेली आणि बाकीच्या सगळ्या मधोमध. मी उजव्या हाताने मारतो, त्यामुळे डावीकडे खाली म्हणजे काय ते कुठलाही जुना नेमबाज सांगेल. चाप ओढताना मी अख्खी मूठ आवळत होतो.

माझं पिस्तूल बेरेटा ९२एफएस, जुनं विकत घेतलेलं. ते डबल अ‍ॅक्शन आहे, म्हणजे पहिल्या गोळीला ट्रिगरच घोडा (गोळीसाठी ठोका देणारा मागचा भाग) मागे नेतो आणि सोडतो. पुढच्या प्रत्येक गोळीला स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे येताना घोडा आपोआप चढवून ठेवते, ट्रिगरला फक्त तो सोडायचं काम उरतं. मी ज्या ‘प्रॉडक्शन’ नावाच्या गटात खेळतो, त्यात मॅचची सुरुवात घोडा खाली ठेवूनच करावी लागते. म्हणून पहिला चाप लांब आणि जड, दुसऱ्यापासून आखूड आणि हलका.

सामानाची बॅग तोलायच्या काट्याला ट्रिगर अडकवून रिकामं पिस्तूल ओढलं. पहिला चाप साडेपाच किलो, चढवलेल्या घोड्याचा सव्वादोन. पिस्तुलाचं स्वतःचं वजन रिकामं असताना जेमतेम साडेनऊशे ग्रॅम. एक किलोही नसलेली वस्तू स्थिर धरून तिच्यावर बोटाने साडेपाच किलो ओढायचे, तर नळी हलणारच. गावाकडच्या मंडळींना नेमबाजी म्हटलं की आमच्या कोल्हापूरची राही सरनोबत आठवते, २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलेली. तिच्या प्रकारात चापाचं वजन किमान १ किलो हवं असा नियम आहे. ते सांगितल्यावर माझे साडेपाच किलो त्यांना लगेच कळतात.

हे पिस्तूल मुळात सैन्यासाठी घडलं. अमेरिकेने १९८५ मध्ये ते एम९ नावाने घेतलं. लष्करी काडतुसाचं प्रायमर (ठोक्याने पेटणारी बुडाची टोपी) कडक असतं, ते नक्की फुटावं म्हणून घोड्यामागची स्प्रिंग दणकट. याच घराण्यात ९२डी नावाचं एक मॉडेल होतं, फक्त डबल अ‍ॅक्शनवर चालणारं. त्याची स्प्रिंग थोडी मऊ आहे आणि ती ९२एफएसमध्ये जशीच्या तशी बसते. आमच्याकडे सगळे तिला ‘डी स्प्रिंग’ म्हणतात. थोड्याच डॉलरला मिळते.

ती बदलायला संध्याकाळ गेली. गोळ्या दुसऱ्या खोलीत, मॅगझिन बाहेर, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासलेलं, डोळ्यांवर चष्मा. उजव्या बाजूची मूठपट्टी उचलली की तिच्याखाली ट्रिगर बारची (ट्रिगरची ओढ घोड्यापर्यंत नेणाऱ्या पट्टीची) छोटी स्प्रिंग मोकळी होते आणि उडते. हे मला आधी ठाऊक नव्हतं, अर्धा तास गालिच्यावर रांगलो. घोड्याची स्प्रिंग मुठीच्या आत असते आणि तळाच्या पिनवर अडकलेली असते. पिन काढताना तिथे अंगठा घट्ट दाबून ठेवावा लागतो. पुन्हा जोडून तोललं, तर सव्वाचार किलो.

सव्वा किलो कमी झाला, तरी समाधान होईना. मधेच कुठेतरी चाप अडायचा आणि मग सुटायचा. त्या अडण्यापाशीच माझी मूठ आवळली जायची.

वडील इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे मिस्त्री, होते. रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल असतो. त्यांना सांगितलं तर म्हणाले, “फोन जवळ धर बघू, आवाज ऐकू दे.” रिकामं पिस्तूल भिंतीकडे करून चार वेळा सावकाश चाप ओढला. “स्प्रिंग न्हाई ती. घासतंय काहीतरी. लाकडाचा आवाज हाय. जोर कमी करत बसू नगोस लेका, कुठं घासतंय ते बघ.”

मग मी त्यांचीच कारखान्यातली रीत वापरली. ते फिट होणाऱ्या भागाला निळा रंग लावून तो कुठे पुसला जातो ते बघायचे. मी मार्कर घेतला. ट्रिगर बार पिस्तुलाच्या उजव्या बाजूला बाहेरून पुढेमागे सरकतो, त्याच्या सपाट बाजूंवर शाई लावली, सगळं जोडलं, पन्नासदा ओढलं, उघडलं. शाई एका पट्ट्यात साफ उडालेली, आणि आधीच्या मालकाने हौसेने बसवलेल्या अक्रोडाच्या मूठपट्टीच्या आत तेवढीच काळी रेघ. लाकूड बारला घासत होतं. तेवढ्या जागेचं लाकूड पॉलिश पेपरने खाली नेलं. बारची फक्त सपाट बाजू, जिथे तो फ्रेमला टेकतो, २००० नंबरच्या पेपरवर तेल घालून हलकी फिरवली आणि तेलाचा एक थेंब सोडला. काट्यावर आकडा फारसा बदलला नाही. पण चाप एकसारखा, लोण्यातून सुरी जावी तसा मागे येऊ लागला. वजन आणि खरखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक उगाच वजनामागे लागतात, असं माझं आता ठाम मत आहे.

सिअरला (चढलेला घोडा अडवून धरणाऱ्या भागाला) आणि घोड्याच्या खाचेला मी हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. तिथला कोन किंचित बिघडला तरी स्लाइडच्या धक्क्याने घोडा आपोआप पडू शकतो, म्हणजे एका चापात दोन गोळ्या. फायरिंग पिन अडवणारी कडी सुरक्षेसाठी आहे, तीही जशी आहे तशीच राहू द्यावी. ट्रिगर परतवणारी स्प्रिंग या पिस्तुलात तुटते म्हणून प्रसिद्ध आहे. तिला मऊ करायच्या भानगडीत न पडता नवी घातली.

भारतातल्या वाचकांसाठी: तिथे माझ्यासारखं ९ मिमी पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, आणि १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल हाही परवान्याचाच विषय आहे. घरी काही करू नका, परवानाधारक कारागिराकडे जा.

रेंजवर पहिल्यांदा मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरल्या, घोडा चढलेला राहतो ना ते बघितलं, मग दोनशे झाडल्या. फेडरल कंपनीची प्रायमर मऊ, सगळी फुटली. सीसीआयची कडक, पन्नासांतली दोन पहिल्या ठोक्याला फुटली नाहीत. आता मॅचला फक्त फेडरल भरतो. घरात रोज रात्री दहा मिनिटं, नळीच्या टोकाशी नेम धरायची जी माशी असते, तिच्यावर एक नाणं ठेवून ते न पाडता वीस वेळा पहिला चाप. पहिल्या आठवड्यात वीसपैकी सहा जमायचे, आता सतरा.

मागच्या मॅचला सहा स्टेज होत्या. सहापैकी पाच पहिल्या गोळ्या मधल्या चौकटीत. सहावी डावीकडे, पण खाली नव्हती. त्या टार्गेटचा फोटो वडिलांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, “मूठपट्टी पावसाळ्यात फुगंल, परत बघ.”