तू सोता मारलं होतं का?

गूगलचं पाकीट आलं त्या दिवशी मी बायांसोबत निंदणाला होते. पोस्टमनभाऊंना वाटलं काहीतरी महत्त्वाचं सरकारी कागद असेल, म्हणून त्यांनी ते घरी न टाकता थेट धुऱ्यापर्यंत आणून दिलं. आत सहा आकडी पिन होता. आपल्या ब्लॉगवर जाहिराती दाखवायचे गूगल पैसे देतं, त्या सोयीचं नाव अ‍ॅडसेन्स. अ‍ॅडसेन्सवर आपले १० डॉलर जमले की पत्ता खरा आहे का ते बघायला असं पत्र पोस्टानं येतं, चार महिन्यांत तो पिन टाकला नाही तर जाहिराती दिसणं बंद होतं. आणि पैसे खात्यात येतात १०० डॉलर झाल्यावर. मला १० चे १०० व्हायला सोळा महिने लागले. मग बँकेत गेले तर बाहेरचे पैसे यायला स्विफ्ट कोड लागतो आणि आमच्या गावच्या शाखेला तो नाही, यवतमाळच्या मोठ्या शाखेचा घ्यावा लागला, त्यात आणखी दीड महिना गेला. पैसे आले त्या दिवशी मात्र मी सासूबाईंना मेसेज दाखवला आणि त्या म्हणाल्या, "लिवन्याचे पैसे भेटते मने!" आणि अख्ख्या मोहल्ल्यात सांगून आल्या.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे दिवाळीपासून तीन पोरींनी मला एकच गोष्ट विचारली. एक आर्णीची, एक दिग्रसची, एक तर माझ्या माहेरची. तिघीही छान लिहितात. विचारतात की ताई, लिहिण्याचे पैसे घ्यायचे कसे, आणि घेतले तर वाचणारे दुरावतात का. फोनवर तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा पूर्णच लिहून टाकते.

मी लिहायला लागले २०१६ च्या शेवटी. त्या सप्टेंबरात जिओ आलं आणि घरात पहिल्यांदा नेट परवडायला लागलं. लिहायचं काय तर आमचं वावर, पऱ्हाटी म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन, कोणत्या आठवड्यात काय केलं आणि काय चुकलं. वाचणारे दोन प्रकारचे. एक म्हणजे पुण्यामुंबईला नोकरीला गेलेली आपल्याकडची पोरं, ज्यांना घरच्या मातीचा वास पाहिजे. आणि दुसरे आमच्याच दारव्हा तालुक्यातले कास्तकार, बरेचदा स्वतः न वाचणारे, नातवाकडून नाहीतर पोरीकडून वाचून घेणारे. हा दुसरा वाचक मला आठवडी बाजारात भेटतो, एसटी स्टँडवर भेटतो, लग्नात पंगतीला शेजारी बसतो. म्हणून वाचक दुरावणं म्हणजे माझ्यासाठी आकडा कमी होणं नाही, माणूस तोंड फिरवून जाणं आहे.

पहिले अ‍ॅडसेन्सचंच सांगते. मी सुरुवातीला ऑटो जाहिराती, म्हणजे गूगल आपोआप लावतं त्या, चालू करून दिल्या आणि विसरून गेले. मग एक दिवस नणंदेच्या मोबाईलवर माझंच लिहिलेलं उघडलं आणि मला रडायला आलं. दर दोन परिच्छेदांनी जाहिरात, खाली चिकटलेली एक, दुसरं पान उघडताना पूर्ण स्क्रीन झाकणारी एक. आणि जाहिराती कशाच्या, तर झटपट कर्जाच्या, घरबसल्या श्रीमंत व्हा अशा. मी वर लिहिलंय की बोंडअळीनं किती नुकसान केलं आणि त्याच्याच खाली दोन मिनिटांत कर्ज. ज्या माणसाचं पीक गेलंय त्याच्या हातात आपणच ते देतोय, असं वाटलं मला ते. वरून आमच्याकडे नेटवर्क एक काडी, जाहिरातींनी पान जड होतं, माणसाचा डेटा जातो आणि वाचायचं ते उघडतच नाही.

त्या रात्री बसून सेटिंग्ज बघितल्या. अ‍ॅडसेन्समध्ये ब्लॉकिंग कंट्रोल्स म्हणून भाग आहे, तिथे झटपट श्रीमंत करणाऱ्या आणि तसल्या वर्गांच्या जाहिराती बंद करता येतात, एखाद्या ठराविक वेबसाइटची जाहिरातही अडवता येते. जाहिरातींची संख्या कमी करायची सोय आहे, खालची चिकटणारी आणि स्क्रीन झाकणारी वेगळी बंद करता येते. मी आता एका लेखात दोनच ठेवल्या. कमाई जवळपास निम्म्यावर आली, हजार वेळा वाचलं गेलं तर आधी चाळीसेक रुपये पडायचे ते वीसवर आले. मराठी लिहिणाऱ्याला तसाही यातून संसार चालवता येत नाही, माझा वर्षाचा डोमेन आणि मोबाईलचा रिचार्ज निघतो. पोरींनो, हे आधीच समजून घ्या.

आता ती गोष्ट, जी सांगायला मला अजूनही जड जातं.

एका कंपनीच्या माणसाचा फोन आला होता. पऱ्हाटीची पातीगळ, म्हणजे फुलायच्या आधीच कळ्या गळणं, थांबवणारं टॉनिक, त्यावर तुमच्या शब्दांत अनुभव लिहा, ४,००० रुपये देतो, बाटली पण पाठवतो. बाटली आली, पण ती मारायच्या आधीच लेख मागितला, आणि मी दिला. त्या महिन्यात पोराची शाळेची फी भरायची होती हे खरं आहे, पण ते कारण म्हणून सांगत नाही. मी लिहिलं की वापरून बघण्यासारखं आहे. पैसे घेतले हे कुठंच लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी शेजारच्या वावराचे काकाजी आमच्या ओसरीत येऊन बसले. चहा घेतला, पावसाचं बोलले, मग म्हणाले, "सूनबाई, पोट्ट्यानं तुह्या मोबाईलातलं वाचून दाखोलं म्हून आनल्या मी तीन बाटल्या. साडेसहाशेची येक. पाती तं गयूनच रायली."

पाती गळणारच होती. त्या वर्षी पाऊस सलग पंधरा दिवस लागून होता, ढग हटत नव्हते आणि त्यांचं वावर खोलगट, पाणी साचून मुळांना हवाच मिळेना. तिथे चर काढून पाणी बाहेर काढणं हा पहिला उपाय, बाटली नाही. हे मला माहीत होतं. मी आधी हेच दोनदा लिहिलेलंही होतं. पण पैसे घेऊन लिहिलेल्या लेखात ते वाक्य मी टाकलं नाही, कारण ते टाकलं असतं तर बाटली कशाला घ्या हे वाचणाऱ्याला आपोआप समजलं असतं.

काकाजी चिडले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, "मले येक सांग, तू सोता मारलं होतं का थे?"

मी नाही म्हणाले. मग पैसे घेतल्याचंही सांगितलं. आत जाऊन १,९५० रुपये आणले आणि त्यांच्यापुढे धरले. मला वाटलं ते नको म्हणतील. त्यांनी घेतले, मोजले, बंडीच्या खिशात ठेवले आणि उठताना म्हणाले, "आता थे बी लिव. पोट्ट्याले वाचाले लावतो मी."

लिहिलं. तो लेख काढून नाही टाकला, त्याच्याच वर ठळक अक्षरात लिहिलं की याचे मी ४,००० घेतले होते, मी हे वापरलेलं नव्हतं, आणि पातीगळीचं खरं कारण काय असतं ते. कंपनीला पैसे परत पाठवले. काही लोकांनी खूप बोललं, ते बरोबरच बोलले. दोन-तीन जणांनी वाचणं सोडलं आणि ते परत आले नाहीत.

फवारणीच्या गोष्टीत आपल्या जिल्ह्यात कोणी हलकं लिहू शकत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. कोणाच्या घरातलं माणूस गेलं ते आम्हाला चेहऱ्यानं माहीत आहे. शहरात कोणी क्रीमची जाहिरात करतो आणि आपण औषधाची करतो, हे सारखं नाही.

आणि हा फक्त मनाचा प्रश्न नाही, कायदाही आहे, जो मला तेव्हा माहीत नव्हता. २०२१ मध्ये एएससीआयनं, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या जाहिरातवाल्यांच्याच संस्थेनं, सोशल मीडियावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांसाठी नियम आणले की पैसे, फुकट वस्तू, काहीही घेतलं असेल तर ती जाहिरात आहे असं सुरुवातीलाच दिसलं पाहिजे, खाली हॅशटॅगच्या गर्दीत नाही. मग जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानंही तेच सांगितलं, साध्या भाषेत आणि ज्या भाषेत लिहिलं त्याच भाषेत सांगा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तशी जाहिरात केली तर ५० लाखांपर्यंत. आपण खेड्यात बसून लिहितो म्हणून आपल्याला लागू नाही असं काही नाही.

मी मात्र त्याच्याही पुढं एक ठरवलं. ज्या गोष्टीचा मी सल्ला देते, ती गोष्ट विकणाऱ्याकडून एक रुपया घ्यायचा नाही. बियाणं नाही, खत नाही, औषध नाही, टॉनिक तर नाहीच. लेबल लावूनही नाही. कारण काकाजींचा नातू वाचून दाखवताना "जाहिरात" हा शब्द वाचेल की गाळेल ते माझ्या हातात नाही. बाकी हेडलॅम्प, ताडपत्री, हातमोजे अशा ज्या वस्तू मी स्वतः एक हंगाम तरी वापरल्या त्यांची अ‍ॅमेझॉनची लिंक देते आणि पहिल्याच ओळीत लिहिते की या लिंकवरून घेतलं तर मला थोडं कमिशन मिळतं, पण आपल्या बाजारात स्वस्त मिळत असेल तर तिथूनच घ्या. दारव्ह्याच्या बाजारातला भाव पण टाकते. माझा अनुभव असा की यानं कमिशन थोडं जातं, पण लोक पुढच्या वेळेस विचारून घेतात.

आता सगळ्यात चांगलं चाललेलं सांगते, ते म्हणजे डाळ.

तुरीवर मी पेरणीपासून लिहीत होते, पीकेव्ही तारा लावली होती, फुलं कधी आली, अळी कधी आली, सगळं. पुण्याच्या एका ताईनं विचारलं की हीच डाळ आम्हाला द्याल का. मी पाच किलो पाठवली. मग तिच्या सोसायटीतून अजून चौघी. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दालमिल आमच्या शेजारच्या गावात एका बचत गटाकडे आहे, तिथे क्विंटलभर तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते. २०२४-२५ ला तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,५५० होता आणि आमच्या बाजारात त्याहून कमीच लागत होतं. मी डाळ १५० रुपये किलोनं दिली म्हणजे क्विंटलमागे १०,५०० आले, भरडाई, पिशव्या, खोके सगळे मिळून हजारेक गेले, पोस्टाचा खर्च घेणाऱ्याचा. भरडताना निघालेली चुणी घरच्या गाईला. अन्नपदार्थ विकायचे म्हणजे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते, ती मी ऑनलाइन काढली, तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. पहिल्या वर्षी दीड क्विंटलची डाळ गेली, मागच्या वर्षी चार क्विंटलची. अ‍ॅडसेन्सनं मला सगळ्या वर्षांत मिळून दिले नसतील तेवढे एका फेब्रुवारीत आले.

यात वाचणाऱ्याला काही लपवावंच लागत नाही. मागच्या वर्षी एका घाण्यात डाळ नीट वाळली नव्हती, शिजायला वेळ घेत होती, ते मी पाठवायच्या आधी लिहिलं आणि भाव दहा रुपये कमी केला. तरी ती सगळी गेली. एका काकूंनी तर फोन करून सांगितलं की मी रात्री भिजवून ठेवते, मला चालेल.

काहीजणांनी म्हटलं की क्यूआर कोड लावून टाका, ज्याला द्यायचं तो देईल. लावलाय, पण फक्त निंबोळी अर्क आणि कामगंध सापळ्यांच्या (वासानं नर पतंग पकडणाऱ्या) त्या मोठ्या लेखाखाली, ज्याला माझे खरोखर दोन महिने गेले होते. प्रत्येक लेखाखाली हात पसरलेला मला बरा वाटत नाही. आणि ज्या आठवड्यात गारपीट झाली, कोणाचं काही वाईट झालं, त्या आठवड्यात तो कोडही काढते आणि डाळीचं पण बोलत नाही.

आर्णीच्या पोरीनं विचारलं होतं की सुरुवातीलाच पैसे मागू का. माझं म्हणणं, वर्षभर थांब. तुला कोण वाचतं ते तर कळू दे. ती शिवणकामावर लिहिते, तिला जाहिरातींपेक्षा ब्लाऊजच्या कटिंगचा महिनाभराचा वर्ग घेता येईल, बाया स्वतःहून फी देतील.

काकाजी अजूनही नातवाकडून वाचून घेतात. पावसाळ्याआधी एका दुकानदारानं सौर प्रकाश सापळा फुकट दिला होता, तो मी परत केला आणि दुसरीकडून विकत आणून वावरात लावला, बिलाचा फोटो लेखात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजी धुऱ्यावर उभे, सापळ्याखालच्या भांड्यातले पतंग काडीनं उलटंपालटं करून बघत होते, म्हणाले, "यिकत घेतला ना?" मी हो म्हणाले. मग त्यांनी किंमत विचारली.

या वर्षीची तूर फुलावर आहे. जानेवारीत निघेल, दालमिलला संक्रांतीनंतर नंबर लागेल. डाळीची मागणी त्यानंतरच नोंदवून घेईन, भाव पण डाळ हातात आल्यावर सांगेन, आधी नाही.