दक्षिणेची वाटणी आणि सहा पाठांचा हिशेब

शतचंडीचा, म्हणजे सप्तशती या देवीमाहात्म्याच्या पोथीचे शंभर पाठ करण्याच्या अनुष्ठानाचा, हिशेब याज्ञिकांना तोंडपाठ असतो. दहा ब्राह्मणांना वर्णी दिली जाते, म्हणजे अनुष्ठानासाठी त्यांची रीतसर नेमणूक होते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने सप्तशतीचा एक पाठ करायचा, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन आणि चौथ्या दिवशी चार. असे प्रत्येकाचे दहा आणि सर्वांचे मिळून शंभर पाठ होतात आणि पाचव्या दिवशी हवन होऊन पूर्णाहुती पडते. मी शाळेत असताना माझे वडील अशाच एका शतचंडीत वर्णीला बसले होते. तिसऱ्या दिवशीचे तीनही पाठ त्यांनी अंगात ताप असताना पुरे केले, संध्याकाळी ते कसेबसे घरी आले आणि त्यांनी अंथरूण धरले. चौथ्या दिवशी त्यांच्या आसनावर दुसरे गुरुजी बसले. पूर्णाहुतीनंतर दक्षिणा वाटली गेली, तेव्हा त्या गुरुजींना दहा पाठांची पूर्ण दक्षिणा मिळाली आणि वडिलांच्या नावाने काहीच निघाले नाही.

त्यांचे आसन आणि पोथी आणायला मी गेलो होतो. अनुष्ठान चालवणाऱ्या आचार्यांनी पोथी माझ्या हातात ठेवली आणि "बाबांना सांग, अनुष्ठान अपुरे राहिले," एवढेच ते म्हणाले. घरी येऊन मी पोथी उघडली, तर खुणेची दर्भाची काडी पहिल्या अध्यायावर होती. दुसऱ्या दिवशी पाठ तिथूनच सुरू करायचा म्हणून वडिलांनी तिसरा पाठ संपल्यावर ती परत तिथे आणून ठेवली होती. त्यांनी तो विषय कधीही काढला नाही. भिक्षुकाने दक्षिणा मागून घ्यायची नसते, अशी त्यांची धारणा होती, आणि ती धारणा किती जणांच्या सोयीची आहे हे मला फार उशिरा कळले.

पुढे मी स्वतः याज्ञिकी करू लागलो आणि धर्मशास्त्र वाचताना मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातील एका श्लोकापाशी थांबलो. मनुस्मृतीचे नाव निघाले की १९२७ सालचे महाड आठवते, ते आठवायलाच हवे, आणि त्या ग्रंथातील विषमतेची बाजू घेण्याची माझी इच्छा नाही. पण अनेकांनी मिळून केलेल्या कामाचा, म्हणजे 'संभूयसमुत्थाना'चा, विचार करताना तेथे जे सांगितले आहे ते आमच्या व्यवसायातील माणसांनी विसरावे असे नाही. वरण झालेल्या ऋत्विजाला, म्हणजे यज्ञासाठी नेमलेल्या पुरोहिताला, आपले कर्म मध्येच सोडावे लागले, तर त्याने केलेल्या कर्माच्या प्रमाणात त्याचा अंश सहकर्त्यांनी त्याला द्यावा: 'तस्य कर्मानुरूपेण देयोंऽशः सहकर्तृभिः'. हे वाचले तेव्हा मला ती दर्भाची काडी आठवली. दहापैकी सहा पाठ झाले होते, म्हणून सहा अंश वडिलांचे आणि चार अंश नंतर बसलेल्या गुरुजींचे, इतके ते सरळ होते.

कौटिल्याने तर याचे टप्पेच लावून दिले आहेत. अग्निष्टोमासारख्या सोमयागात, म्हणजे सोमरसाची आहुती देण्याच्या यज्ञात, दीक्षेनंतर याजक आजारी पडला तर त्याला पाचवा अंश मिळावा. पुढे सोम वनस्पतीच्या खरेदीचा व्यवहार होऊन गेला असेल तर चौथा. प्रातःसवनानंतर, म्हणजे सकाळी सोमरस काढण्याच्या विधीनंतर, पाऊण आणि दुपारच्या माध्यंदिन सवनानंतर पूर्ण अंश मिळावा, कारण दक्षिणा त्या वेळेपर्यंत नेऊन दिलेल्या असतात. ज्याने हा नियम केला त्याने यज्ञात माणूस खरोखर आजारी पडतो हे पाहिलेले असावे, असे मला तो वाचताना नेहमी वाटते. अपुऱ्या सेवेला शून्य मोल, ही कल्पना त्याच्या मनाला शिवलेली नाही.

सोमयागातील सोळा ऋत्विजांची वाटणी मात्र यापेक्षा गुंतागुंतीची आहे. होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा हे चार मुख्य. त्यांच्या खालोखाल मैत्रावरुण, प्रतिप्रस्थाता, प्रस्तोता आणि ब्राह्मणाच्छंसी हे 'अर्धी'. मग अच्छावाक, नेष्टा, प्रतिहर्ता आणि आग्नीध्र हे 'तृतीयी'. आणि शेवटी ग्रावस्तुत, उन्नेता, सुब्रह्मण्य आणि पोता हे 'पादी'. शंभर गायी दक्षिणा असतील तर मुख्यांना प्रत्येकी १२, अर्धींना त्याच्या निम्म्या म्हणजे ६, तृतीयींना तिसरा हिस्सा म्हणजे ४ आणि पादींना चौथा हिस्सा म्हणजे ३, असे ४८, २४, १६ आणि १२ मिळून बरोबर १०० होतात. एकही गाय उरत नाही आणि एकही ऋत्विज रिकाम्या हाताने परतत नाही.

अशी वाटणी का, यावर पूर्वमीमांसेच्या, म्हणजे वेदातील यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या, दहाव्या अध्यायात जो वाद आहे तो मला फार मोलाचा वाटतो. पहिला पक्ष म्हणतो की वेदाने निराळे काही सांगितलेले नाही, म्हणून सर्वांना समान द्यावे. दुसरा म्हणतो की प्रत्येकाचे कर्म कमीजास्त आहे, म्हणून श्रमाच्या प्रमाणात द्यावे. सिद्धान्त, म्हणजे शेवटचा निर्णय, या दोघांनाही बाजूला ठेवतो आणि अर्धी, तृतीयी, पादी या नावांतच त्यांचा वाटा सांगितलेला आहे, तो मानावा, असे ठरवतो. म्हणजे यज्ञशाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच प्रत्येकाला आपला वाटा आपल्या नावासकट माहीत असतो. तो देणे आचार्याच्या मर्जीवर राहत नाही. सोमयागापुरता मला हा निर्णय पटतो, कारण होत्याचे शस्त्रपठण, म्हणजे ऋचांचे स्तुतिपठण, आणि उन्नेत्याचे सोम भरणे एकाच मापाने मोजता येणार नाही. परंतु शतचंडीत, जपात किंवा पारायणात कर्म मोजता येते, किंबहुना संकल्पातच त्याची संख्या उच्चारली जाते, आणि तेथे दुसऱ्या पक्षाचे म्हणणेच मला न्यायाचे वाटते. वयाने मोठा, नात्यातला किंवा यजमानाच्या ओळखीचा म्हणून कोणाचे पाकीट जाड करण्याला या तिन्ही पक्षांत कुठेही आधार नाही.

मनूने हे प्रकरण संपवताना एकत्र मिळून आपापले काम करणाऱ्या सर्वच माणसांनी याच रीतीने अंश ठरवावेत असे म्हटले आहे, आणि याज्ञवल्क्यानेही हा विधी शेतकरी आणि कारागीर यांना लागू केला आहे. मग जो सोवळ्यात पाणी भरतो, पहाटे चारला उठून गंध उगाळतो, समिधा निवडतो, हवनाच्या दिवशी धुरात उभा राहून स्थंडिलाजवळ तूप पोहोचवतो, तो सहकर्ता नव्हे काय? त्याला बहुधा भूयसीतले काहीतरी हातावर टेकवले जाते. भूयसी ही उपस्थितांना द्यायची दक्षिणा आहे. राबणाऱ्याचा वाटा तिच्यात बसवणे मला मान्य नाही.

आता माझ्याकडे आचार्यत्व असते, तेव्हा वर्णीच्या दिवशीच मी यजमानांसमोर वहीत सर्वांची नावे आणि अंश लिहितो, राबणाऱ्या परिचारकाचेही लिहितो, आणि रोज संध्याकाळी प्रत्येकाच्या नावापुढे झालेल्या पाठांची संख्या मांडतो. गेल्या शतचंडीत एका वृद्ध गुरुजींना दुसऱ्या दिवसानंतर बसवेना. त्यांचे तीन पाठ झाले होते. पूर्णाहुतीनंतर मी दहातले तीन अंश निराळ्या पाकिटात घातले, वर नाव आणि पाठांची संख्या लिहिली आणि ते पाकीट घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ते हातात घेतले, चष्मा लावून वरचा आकडा वाचला आणि म्हणाले, "तिसरा पाठ शेवटच्या उत्तरचरित्रापाशी थोडा घाईत झाला होता, पण झाला होता."