चुरगळायचं काय, चेचायचं काय

दाबून बारीक करण्याला मराठी स्वयंपाकघरात किती शब्द आहेत, ते कधीतरी मोजून पाहावं. लसूण ठेचायचा, वेलदोडे कुटायचे, खोबरं वाटायचं, पिकलं केळं कुस्करायचं, आलं चेचायचं, वरण घोटायचं. शब्द बदलला की हाताचा जोर बदलतो, हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि जाता जाता तुळशीचं पान तोडून दोन बोटांत फिरवतो आणि नाकाशी नेतो, ते चुरगळणं. बारमध्ये मात्र या सगळ्याला मिळून एकच शब्द, मडल करणं. घरी फळ आणि पुदिन्याचं कॉकटेल करताना माणसं तो शब्द ऐकतात, बत्ता उचलतात आणि ग्लासात चटणी करून ठेवतात. वर सोडा ओतला की हिरवा गाळ तरंगतो, पहिला घोट गवतासारखा आणि शेवटचा कडू.

दोष पुदिन्याचा नसतो. त्याचा सुवास पानाच्या पोटात नसून पाठीवर असतो. पानावर, विशेषतः खालच्या बाजूला, तेलाच्या अगदी बारीक ग्रंथी असतात आणि त्या फुटायला बोटाचा दाबही पुरतो. त्याहून जोर लावला तर पानाच्या पेशी फुटतात. मग हरितद्रव्य बाहेर येतं, तुरट रस येतो, हवा लागून तो काळपट होऊ लागतो. चटणीत हे सगळं चालतं, कारण तिथे मिरची, मीठ, लिंबू, दाणे किंवा खोबरं अशी भक्कम सोबत असते. ग्लासात पाणी, बर्फ आणि थोडी रम. लपायला जागाच नाही.

मूळ पेय क्यूबाचं, हवानाचं. नाव मोहितो. मेनूकार्डावर ते ‘मोजितो’ होतं, पण स्पॅनिशमध्ये त्या जागी ‘ह’. मोहिते आडनावाशी काही संबंध नाही. रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा, एवढाच मूळ संसार. तिथलं लिंबू म्हणजे लिमोन क्रिओल्यो, आणि ते म्हणजे आपलं कागदी लिंबू, जात तीच. त्यामुळे मोहितोसाठी परदेशी मोठी हिरवी लिंबं शोधत सुपरमार्केट पालथं घालणाऱ्यांची थोडी गंमत वाटते. भाजीवाल्याच्या टोपलीतलं पातळ सालीचं पिवळट लिंबूच त्यासाठी जास्त अस्सल आहे.

आपण यात अननसही घालणार आहोत. त्याचं कारण चव हे तर आहेच, पण इतिहासाचीही एक मजा आहे. कोलंबस १४९३ साली दुसऱ्या सफरीला निघाला तेव्हा त्याच्या जहाजांवर ऊस होता, लिंबाच्या जातीतल्या फळांच्या बिया होत्या. दोन्ही मूळची आशिया आणि त्याच्या आसपासची. त्याच सफरीत ग्वादेलूप बेटावर त्याच्या माणसांनी पहिल्यांदा अननस पाहिला. पुढे पोर्तुगीजांनी तो इकडे आणला आणि सोबत नावही आणलं. ‘अननस’ हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आला. म्हणजे तिकडे गेलेला ऊस आणि तिकडून आलेलं फळ एका ग्लासात बसवायचं. तसंही रसवंतीवर उसात लिंबू-आलं घालून पिणाऱ्यांना रम, लिंबू आणि पुदिन्याची जोडी परकी वाटू नये. रम म्हणजे शेवटी उसाच्या मळीचीच.

एका उंच, साधारण ३५० मिलीच्या ग्लासाचं माप असं: अननसाचे दोन-दोन सेंटीमीटरचे सात-आठ तुकडे, म्हणजे ६० ग्रॅम, पुदिन्याची ८ ते १० पानं, कागदी लिंबाचा २० मिली रस, म्हणजे एक बरं रसदार लिंबू, साखरेचा पाक १५ मिली, पांढरी रम ४५ मिली, सोडा ९० मिली, आणि ग्लास भरेल एवढा बर्फ. औषधाच्या बाटलीवर येतं ते मोजमापाचं झाकण उत्तम चालतं. ‘अंदाजपंचे’ हा आपला आवडता परिमाणशास्त्राचा सिद्धांत इथे बाजूला ठेवावा, कारण ५ मिली लिंबू इकडचं तिकडे झालं तरी जिभेला कळतं.

पाकाबद्दल. साखर थेट ग्लासात टाकू नये. गार पाण्यात आणि रममध्ये ती नीट विरघळत नाही, तळाशी बसते. शिवाय तिचे कण पान खरवडतात आणि मग तोच गवताचा वास. २०० ग्रॅम साखर २०० मिली पाण्यात गरम करून विरघळली की गॅस बंद. तार-बिर काढायची नाही, हा गुलाबजामाचा पाक नव्हे. साधारण ३२० मिली होतो, स्वच्छ बाटलीत फ्रिजमध्ये दोन आठवडे टिकतो. अननस फार गोड निघाला तर पाक १० मिलीवर आणावा. आंबट निघाला तर आधी लिंबू कमी करावं, पाक वाढवू नये. नाहीतर सरबताची काकवी होते.

अननस पारखायला बुडाचा वास घ्यायचा. तिथे गोड वास यायला हवा, आंबूस वास आला तर तो उतरलेला. फळाचा बुडाकडचा भाग शेंड्यापेक्षा गोड असतो, म्हणून पेयासाठी तिथले तुकडे घ्यावेत आणि वरचे मीठ-तिखट लावून खाऊन टाकावेत. मधला कडक दांडा काढायचा. डोळे तिरक्या रांगेत असतात. त्या रांगेला धरून खाच घेत गेलं की फळ वाया जात नाही.

पुदिन्याची जुडी घेताना फुलोरा आलेली घेऊ नये, तिची पानं कडवट लागतात. मोठी, जाड, खालची पानं चटणीला. पेयाला शेंड्याकडची कोवळी. जुडीत माती हमखास असते. मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून ठेवली की ती तळाशी बसते, मग पाणी न उपसता पुदिना वर उचलून घ्यायचा. मलूल झाला असेल तर बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं. नंतर पंचावर पसरून नीट कोरडा करावा.

आता हात. पहिल्यांदा अननस, लिंबाचा रस आणि पाक. इथे बिनधास्त चेचा. पुदिना अजून बाहेरच असावा, सगळं मर्म याच क्रमात आहे. अननस रस सोडेपर्यंत जेवढा जोर लागतो, तेवढ्यात पानांचं भरीत होतं. फळ मऊ झालं की पानं टाकायची आणि वरून फक्त दाबून थोडं फिरवायचं. चार वेळा, पाच वेळा. वास वर आला की थांबा. पानं अखंड दिसली पाहिजेत, नुसती ओली आणि गडद. फाटली असतील तर जोर जास्त झाला.

हत्यार म्हणून लाटण्याचं गुळगुळीत टोक चांगलं. रवी नको, तिचे दाते पानं फाडतात. खलबत्त्याचा बत्ता वजनदार असल्याने हात आवरत नाही. आणि पातळ काचेच्या ग्लासात हे प्रकरण करूच नये. तळ फुटतो आणि काचेचा तुकडा अननसात दिसत नाही. स्टीलच्या लोटीत चेचून मग ग्लासात ओतावं. दिसायला साधं, पण बोटं शाबूत राहतात.

लिंबाचं थोडं वेगळं आहे. क्यूबात आणि बऱ्याच बारमध्ये फोडी सालीसकट दाबतात, सालीच्या तेलाचा वास सुरेख येतो. पण मग पेय पंधरा-वीस मिनिटांत संपवायला हवं. सालीतला पांढरा भाग आणि बिया हळूहळू कडूपणा सोडत राहतात. घरी गप्पा मारत पिणारी मंडळी असतात, त्यामुळे रस पिळून गाळून घेतलेला बरा. वासासाठी सालीचा पातळ तुकडा शेवटी ग्लासावर पिळावा, एवढं पुरे.

मग रम. तेलाचा वास पाण्यापेक्षा मद्यात चांगला उतरतो, म्हणून रम घालून अर्धा मिनिट थांबायचं. डार्क रम अननसाला शोभते, खोटं कशाला बोला; पण तिच्या जळक्या साखरेच्या वासापुढे पुदिना हरतो. फेणी तर कुणालाच बोलू देत नाही. पांढरीच घ्यावी.

नंतर बर्फ, ग्लास काठोकाठ. दोन खडे टाकून बर्फ वाचवणाऱ्यांना वाटतं पेय पाणचट होणार नाही, पण घडतं उलटं. थोडा बर्फ पेय गार करता करता स्वतःच विरघळून जातो. भरपूर बर्फ एकमेकांना थंड ठेवतो. खडे मोठे असावेत, आणि फ्रीजरमध्ये बोंबील असतील तर बर्फाचा ट्रे झाकलेला असावा. लांब चमच्याने तळापासून एकदा ढवळा, मगच सोडा.

सोडा बाटलीसकट फ्रिजमध्ये गार केलेला हवा. कोमट सोड्यात वायू टिकत नाही, बर्फावर पडताच सगळा फेस होऊन उडतो. ग्लास तिरपा धरून कडेने ओता आणि वर एकदाच हलकं ढवळा. ज्यांना काळं मीठ घातल्याशिवाय चैन पडत नाही (अननसाशी ते जमतंही छान), त्यांनी ते चिमूटभर पाकातच विरघळवावं. भरल्या ग्लासावर मीठ भुरभुरलं की प्रत्येक कणाभोवती बुडबुडे जमतात आणि फसफसून पेय टेबलावर येतं.

सजावटीचा शेंडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी. ग्रंथी फुटतात, पान फाटत नाही. तो नाकाजवळ येईल असा खोचायचा, कारण पुदिन्याची निम्मी चव नाकातच असते.

याच रीतीने दुसरी फळं चालतात, पण सगळी नाही. कलिंगड जवळजवळ पाणीच असतं, म्हणून सोडा निम्मा करावा आणि लिंबू वाढवावं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पुदिन्याशी गुण्यागोविंदाने नांदते. डाळिंबाचे दाणे चेचले की आतली बी तुटून कडवट होते, ते हाताने दाबून रस काढावा. पेरू वाटून, गाळून घ्यावा लागतो आणि त्याला मिरची जास्त भावते, पुदिना कमी. हापूस मात्र कृपा करून यात घालू नये. रस घट्ट, सोडा त्यात गुदमरतो, आणि हापूसला कुणाच्या सोबतीची गरज असते हेच मुळात पटत नाही.

पाहुणे आठ असतील तर अननसाचा रस, लिंबू, पाक आणि रम एका भांड्यात मिसळून दोन-तीन तास आधी फ्रिजमध्ये ठेवता येतं. पुदिना त्यात टाकायचा नाही. आंबटात हरितद्रव्य टिकत नाही, पानं शेवाळी-तपकिरी होतात. पानं ज्याच्या त्याच्या ग्लासात, सोडाही तिथेच.

रम वगळायची असेल तर नुसती वगळून भागत नाही, पेय बावळट लागतं. पुदिना पाकात दाबून दहा मिनिटं मुरू द्यावा, आणि रमच्या झणक्याची जागा भरायला आल्याचा रस ५ मिली. आणि रम घालणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा: आपल्याकडची रम बहुधा ४२.८ टक्क्यांची, ४५ मिली घातली तर बर्फ वितळून तयार होणारं पेय आठेक टक्क्यांचं, म्हणजे स्ट्राँग बिअरच्या जवळचं. सरबतासारखं लागतं म्हणून सरबतासारखं पिऊ नये. महाराष्ट्रात त्यासाठी वयाची २५ वर्षं आणि परवानाही लागतो, जो बहुतेकांना दुकानाच्या काउंटरवरच आठवतो.

दुसरा ग्लास भरताना आधीची पानं फेकून नवी घ्यावीत. एकदा दाबलेल्या पानात द्यायला काही उरलेलं नसतं, कडूपणाशिवाय. काड्या मात्र टाकू नयेत. बोटभर लांबीच्या, खालची पानं काढलेल्या काड्या पाण्यात उभ्या करून खिडकीत ठेवल्या की आठ-दहा दिवसांत गाठीपाशी पांढरी मुळं दिसू लागतात. मग पसरट कुंडी, सकाळचं ऊन आणि रोज थोडं पाणी. तुळशीच्या कुंडीत लावू नये. एकाच कुळातले असले तरी पुदिना मातीखालून धुमारे काढत सगळी जागा बळकावतो.