एरर तसाच ठेवला

जुन्या उपकरणांना जोडलेले कंप्युटर दुरुस्त करताना बहुतेक वेळ पॉवर सप्लाय, फुगलेले कपॅसिटर आणि संपलेली सीमॉस बॅटरी यांतच जातो. प्रोसेसर बदलून द्या, असं सहसा कुणी म्हणत नाही. एका प्रयोगशाळेनं म्हटलं. मोजणीचं कार्ड आयएसए या जुन्या पद्धतीच्या स्लॉटमधलं, प्रोग्राम विंडोजआधीच्या डॉसवरचा, तो लिहिणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. मोजणी लवकर उरकायची, पण त्याच प्रोग्राममधलं विश्लेषण पेंटियम एमएमएक्स १६६ या प्रोसेसरवर तासन्‌तास चालायचं.

बोर्ड सॉकेट ७ चा, इंटेल ४३०टीएक्स चिपसेटचा. या सॉकेटमध्ये पेंटियम बसतो, सायरिक्स बसतो, एएमडीचे के६ बसतात, आणि घोटाळा तिथेच होतो. ‘पिना बसल्या की झालं’ म्हणणारे तंत्रज्ञ मी पाहिलेत, त्यांनी जाळलेल्या चिपाही पाहिल्यात. एमएमएक्सच्या कोअरला, म्हणजे आतल्या मुख्य भागाला, २.८ व्होल्ट लागतात, के६-२ ला २.२. बोर्डवर छापलेल्या तक्त्यात २.८ च्या खाली काहीच नव्हतं. जंपर, म्हणजे पिना जोडून व्होल्टेज ठरवणाऱ्या टोप्या, मात्र चार होते, म्हणजे छापल्यापेक्षा जोड्या कितीतरी जास्त. ते व्होल्टेज पुरवणाऱ्या रेग्युलेटरचं डेटाशीट काढलं तर ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी थेट २.० पर्यंत उतरता येत होतं. जुना एमएमएक्स सॉकेटमध्येच ठेवला, जंपर बदलले आणि कॉइलच्या आउटपुटला मल्टिमीटर लावला. इतक्या कमी व्होल्टेजवर एमएमएक्स सुरू होईलच असं नाही, पण बिघडतही नाही. मीटरवर २.२ दिसल्यावरच के६-२/४०० बसवला. प्रोसेसरचा वेग म्हणजे बोर्डच्या बसचा वेग गुणिले जंपरनं ठरवलेला गुणक. नंतरचे के६-२ दुपटीच्या जंपरला सहापट समजतात, त्यामुळे ६६ च्या बसवर ४०० मेगाहर्ट्‌झ सरळ मिळाले.

डॉस सुरू झाला. प्रोग्राम उघडताच ‘रनटाइम एरर २००’ येऊन बंद.

टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत काम केलेल्यांना हा आकडा पाठ असतो. प्रोग्रामला मध्ये ठरावीक वेळ थांबता यावं म्हणून त्याचं सीआरटी युनिट सुरुवातीलाच ५५ मिलिसेकंदांत रिकामा लूप किती वेळा फिरतो ते मोजतं आणि त्या संख्येला ५५ नं भागतं. प्रोसेसर फार वेगवान असला की उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि प्रोग्राम कोसळतो.

माझा सहकारी म्हणाला, ‘एक्झी फाइल पॅच कर, पाच मिनिटांचं काम.’ हाताला तो फार जलद आहे, पण मोजणीच्या यंत्राकडेही तो हिशेबाच्या कंप्युटरसारखंच बघतो. मी पॅच लावून, म्हणजे प्रोग्रामच्या फाइलमधला तेवढा भाग बदलून, पाहिला. एरर गेला, विश्लेषण झपाझप झालं. मग वाचन आधीच ठाऊक असलेला प्रमाण नमुना ठेवून मोजणी घेतली, तर वाचनं हलू लागली. हा पॅच उत्तराला १६ बिटांच्या कमाल आकड्यावर अडवतो, म्हणून प्रोग्राममधलं थांबणं ठरल्यापेक्षा कमी पडतं. नमुना पुढे सरकून स्थिर होण्याआधीच कार्ड वाचत होतं. स्क्रीनवर मात्र सगळं सुरळीत.

तेव्हापासून शोध बदलला. ४०० वर धावणारा आणि सांगितलं की हळू होणारा प्रोसेसर हवा होता. तो के६-२+. लॅपटॉपसाठी आलेला, म्हणून त्याचा गुणक चालू मशीनवर सॉफ्टवेअरनं बदलता येतो. नावातला अधिक नीट बघून घ्यावा लागतो. मी शेवटची तीन अक्षरं वाचतो: ‘एसीझेड’ मधला सी म्हणजे २.० व्होल्ट, साध्या के६-२ वरच्या ‘एएफआर’ मधला एफ म्हणजे २.२. विक्रेत्यांनी पाठवलेल्या फोटोंत निम्म्यांची अक्षरं वाचताच येत नव्हती. ज्याला चिपवरचा छापा दाखवता येत नाही, त्याच्याकडून मी चिप घेत नाही.

चिप मिळाली, व्होल्टेज पुन्हा मोजून २.० केलं. बायोसनं नाव चुकीचं दाखवलं, त्याकडे दुर्लक्ष केलं. आता एक बॅच फाइल (आदेशांची यादी) गुणक दुपटीवर आणते आणि १३३ वर मूळ प्रोग्राम उघडून मोजणी घेते. दुसरी पुन्हा ४०० वर जाऊन पॅच केलेल्या प्रतीत फक्त विश्लेषण करते. त्या प्रतीतला मोजणीचा पर्याय मी बंद केला. प्रमाण नमुन्याची वाचनं जुन्या नोंदवहीशी जुळली.

मूळ प्रोग्राममधला एरर मी मुद्दाम तसाच ठेवला. कुणी ४०० वरच मोजणी घ्यायला गेलं तर प्रोग्राम कोसळेल, खोटा आकडा देणार नाही. सहकाऱ्याला हे अजून पटलेलं नाही. रात्रपाळीला ऑपरेटर एकटा असताना मशीन एरर देऊन बंद पडलं तर तो काय करणार, असं तो विचारतो, आणि त्याचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. पण चुकीचं वाचन अहवालात गेलं तर ते कुणाच्या लक्षात येणार, हे त्यालाही सांगता येत नाही.