खोक्यातली पाल

मी काम करतो त्या बास्केटबॉलच्या हॉलचं नाव सांगत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. शहर सांगतो: हो ची मिन्ह. बोलताना इथली माणसं अजूनही सायगॉनच म्हणतात, आणि बास्केटबॉलवाल्यांचं तर विचारूच नका. 'सायगॉन हीट' हा व्हिएतनामचा पहिला व्यावसायिक संघ, 2012 सालचा. तेव्हा देशात लीगच नव्हती, म्हणून हा एकटा संघ आसियान लीगमध्ये शेजारच्या देशांशी खेळायचा. घरची लीग, म्हणजे व्हीबीए, 2016 मध्ये पाच संघांनिशी सुरू झाली. पहिल्याच वर्षी कप दानांगच्या संघाने नेला. ज्यांनी वाट पाडली त्या हीटला तो मिळायला 2019 उजाडलं.

मी खेळाडू नाही की कोच नाही. मी घड्याळवाला. भोसरीत स्कोअरबोर्ड बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये शिकलो. कबड्डीच्या चढाईची 30 सेकंदं मोजणारी पाटी हे माझं पहिलं काम. इथे त्याच कामाचा मोठा भाऊ सांभाळतो. बास्केटबॉलमध्ये चेंडू ताब्यात आला की 24 सेकंदांत शॉट घ्यायचा आणि तो निदान रिंगला लागला पाहिजे, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. रिंगला लागून परत आपल्याच हातात आला, तर घड्याळ 24 वर जात नाही, 14 वर जातं. हे आकडे दाखवणारी दोन खोकी रिंग जिथे लावलेली असते त्या दोन्ही बोर्डांच्या माथ्यावर बसवलेली असतात. ती चालतात तेव्हा माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

त्या दिवशी सामना सातला होता. पावणेपाचला टेबलावरून हाक आली, "आन्ह ओई!" म्हणजे 'अहो दादा'. इथे सख्ख्या-परक्या सगळ्यांना नात्यानेच हाक मारतात, त्या बाबतीत आपल्या गावाकडच्यासारखंच. हाक मारणारी 24 सेकंदांचं बटण सांभाळणारी मुलगी, वय विशी-बाविशी. मी तिला 'एम' म्हणतो, धाकटी. तिने नुसतं बोट वर केलं. डावीकडचं खोकं काळंठिक्कर.

बोर्डाची वरची कड जमिनीपासून जवळजवळ चार मीटर, खोकं त्याहून वर. शिडी लावली, तिने खालून धरली. फ्यूज उडालेला. दुसरा घातला, तोही उडाला. तेव्हा झाकण उघडलं, तर एसएमपीएसच्या, म्हणजे खोक्याला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या, टर्मिनलवर एक पाल आडवी. एक पाय फेजवर, शेपटी न्यूट्रलवर, वाळून पापडासारखी झालेली. कोपऱ्यात दोन पांढरी अंडी, साबुदाण्याहून मोठी, पैकी एक फुटून रिकामं.

आपल्याकडे मनात शंकेची पाल चुकचुकते. माझी इथे साक्षात समोर होती, पण चुकचुकलं ते वेगळंच. ती आत शिरली कुठून? खोक्याच्या बुडाला केबल आत घेण्याचं भोक असतं, त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारं कडं, बसवायचा असतो. भोक उघडं होतं. मागच्या सर्व्हिसिंगला नवीन केबल ओढली होती ती मीच. ग्रोमेट खिशात नव्हता, 'पुढच्या वेळी घालू' म्हणून उतरलो होतो.

खाली आलो तेव्हा यातलं काही बोललो नाही. म्हटलं, पाल आहे, सप्लाय जळलाय.

हॉलमध्ये भिंतभर एलईडी पडदा होता, धूर सोडणारी यंत्रं होती, कान बधिर करणारे स्पीकर होते. बारा व्होल्टचा एक सुटा सप्लाय नव्हता. न्यात ताओ बाजारात ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. हा बाजार म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या भंगारापासून नव्या मालापर्यंत सगळं मिळण्याची जागा. तो आवराआवर करत होता, थांबतो म्हणाला. एका पोऱ्याला स्कूटरवर पिटाळलं आणि त्याच क्षणी पाऊस सुरू झाला. हा मोसमच पावसाचा. सायगॉनचा पाऊस आधी सांगावा धाडत नाही, एकदम बादली उपडी करतो.

वाट बघताना त्या मुलीने गोष्ट सांगितली. थाक सुंग नावाचा एक गडगंज माणूस. त्याने दुसऱ्या श्रीमंताशी पैज लावली: तू नाव घेशील ती वस्तू माझ्या घरात आहे. सोनं निघालं, मोती निघाले, सगळं निघालं. समोरच्याने शेवटी मागितलं मातीच्या फुटक्या भांड्याचं खापर, गरिबाघरी कालवण शिजवतात तसलं. तेवढं नव्हतं. सगळी संपत्ती गेली, तो हळहळून मेला आणि पाल झाला. म्हणून पाल अजून जीभ टाळ्याला लावून 'च्च च्च' करते.

मी वर त्या उघड्या भोकाकडे बघत होतो. बरं, तिला काही माहीत नव्हतं.

सहा वाजून वीस मिनिटांनी पोऱ्या आला. स्कूटरच्या हँडलवरून पसरलेला तो इथला भलामोठा रेनकोट, पुढच्या दिव्यासाठी पारदर्शक खिडकी असलेला, आणि त्याच्या पोटात कोरडा ठणठणीत सप्लाय. अडीच लाख डाँग. घाबरू नका, आपले आठ-नऊशे रुपये. तोवर सामनाधिकाऱ्यांनी ध्वनिक्षेपकावरून सेकंद मोजायची तयारी चालवली होती. सात मिनिटांत सप्लाय बसवला, भोकावर तूर्तास टेपच्या पट्ट्या मारल्या. तिने बटण दाबलं. 24. परत दाबलं, 14. शून्यावर बोर्डाभोवतीची पिवळी पट्टी पेटली.

सामना मी पाहिला असं म्हणवत नाही. चौथ्या क्वार्टरला गुणफलक बरोबरीत, लोक "को लेन, को लेन" म्हणजे 'जोर लावा' ओरडतायत, आणि अमेरिकेत वाढलेला, आईकडून व्हिएतनामी असलेला एक खेळाडू चेंडू आपटत माझ्या खोक्याकडे नजर टाकतो: सहा, पाच, चार, मग उडी. सगळे चेंडूमागे. मी तीन, दोन बघत बसलो.

रात्री हॉल रिकामा झाल्यावर ग्रोमेट शोधून आणला आणि परत शिडी चढलो. उरलेलं अंडं कापसात गुंडाळून मागच्या खिडकीत ठेवलं, का ते विचारू नका.

सर्व्हिस रिपोर्टमध्ये 'बिघाडाचं कारण' या रकान्यात आधी 'पाल' लिहिलं. मग खाली जोडलं: मागील सर्व्हिसच्या वेळी ग्रोमेट बसवला नव्हता, आणि पुढे माझी सही. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद वाचला, पालटून पाठ बघितली आणि विचारलं, "सप्लायचं बिल कुठंय?"