चर्चासत्राला जाताय? वडशाला उतरू नका, दोन हजार देऊ नका

आधी पैशाचं सांगते, कारण डोकं अजून शांत झालेलं नाही. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीच्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय चर्चासत्र होतं. नोंदणीचे हजार रुपये महिनाभर आधी भरले होते. सकाळी नऊला नोंदणीच्या टेबलाशी गेले, तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पेपर छापाचा असन तर आणखी दोन हजार लागतेत मॅडम, आयएसबीएनचे." पत्रकात याचा उल्लेखही नव्हता. मागे रांग, प्रमाणपत्र अडकवतील ही धास्ती, दिले. पावती "नंतर देतो" म्हणाले. ती आजवर आलेली नाही.

तुम्ही देऊ नका. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो. छपाईला खर्च येतो हे मान्य, पण मग तो पत्रकात छापा आणि पावती द्या. दुसरं म्हणजे, प्रबंध सादर करण्याआधी दोन परिषदांत पेपर वाचायची यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) २०१६ ची सक्ती २०२२ च्या नियमांत उरलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, तेवढं पीएच.डी. विभागात विचारून घ्या. मला हे गाइड मॅडमनी परत आल्यावर सांगितलं.

आता रस्ता. पत्रकात "नजीकचे रेल्वे स्थानक वडसा" असं होतं, म्हणून मी वडशाला उतरले. तिथून गडचिरोलीच पन्नासेक किलोमीटर आणि चामोर्शी त्याच्याही पुढे तीस. रात्रीचे साडेनऊ, एसटी गेलेली. जीपवाल्याने पंधराशे घेतले आणि खड्ड्यांतून लॅपटॉप मांडीवर धरून मी अकरानंतर पोहोचले. नागपूरहून सरळ गडचिरोलीची एसटी पकडा, तीही सकाळची. बायकांना अर्धं तिकीट आहे.

माझा पेपर चामोर्शीजवळच्या मार्कंडा मंदिरातल्या सुरसुंदरींच्या, म्हणजे भिंतींवर कोरलेल्या स्त्रियांच्या, केशरचनेवर होता. उद्घाटन लांबलं आणि माझी पंधरा मिनिटं सहावर आली. सभागृहाला दोन्ही बाजूंनी खिडक्या, पडदा एकाही खिडकीला नाही. अंबाड्यात गुंफलेली मण्यांची माळ, म्हणजे माझा सगळा मुद्दा, पडद्यावर नुसता करडा डाग. बरं झालं, चार फोटो ए-थ्री आकारात छापून नेले होते; ते हातोहात फिरवले. एका निवृत्त गुरुजींनी एक फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, "हिच्याखाली आमी जत्रेत सावलीले बसत होतो." त्यानंतरची दहा मिनिटं चर्चा खऱ्या अर्थाने रंगली. कलेच्या इतिहासावर बोलणाऱ्याने प्रोजेक्टरवर विसंबू नये. छापील फोटो न्याच, आणि मराठी अक्षरं फुटू नयेत म्हणून स्लाइडची पीडीएफही.

जेवण उत्तम होतं, राहायची खोली ठीक.

दुसऱ्या दिवशी पहाटे मार्कंड्याला गेले. वैनगंगा इथे उत्तरेकडे वळते. १८७० च्या दशकात इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम इथे येऊन गेला, त्याच्या अहवालाची प्रत माझ्या पिशवीत होती. ती उघडलीच नाही. सव्वासहाचं तिरकं ऊन भिंतीवर पडलं आणि माळेतला एकेक मणी सुटा दिसू लागला. दोन पदरी! दीड वर्ष मी दुपारच्या फोटोंवरून एकपदरी लिहीत आलेय. थकवा कुठच्या कुठे पळाला.

म्हणून मंदिर पेपरच्या आदल्या सकाळी पाहा, नंतर नको. ट्रायपॉड न्यायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. आणि महाशिवरात्रीच्या आसपास फोटोसाठी जाऊच नका. जत्रेच्या गर्दीत भिंतीजवळ उभं राहायलाही जागा नसते.